टिंब कुणाचं आणि डी कुणाचा: शोध लपवून ठेवायचे दिवस

मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते, आणि दरवर्षी डेरिव्हेटिव्ह सुरू झाले की एखादं तरी पोर हात वर करतं. "मॅडम, फिजिक्सच्या जाड पुस्तकात एक्सच्या डोक्यावर नुसतं टिंब देतात, तुम्ही डीएक्स बाय डीटी लिहिता, मग खरं कुठलं?" दोन्ही खरं, अर्थ एकच, वेळेबरोबर एक्स किती वेगाने बदलतोय ते. टिंब न्यूटनचं आणि डी लायब्निझ या जर्मन गणितज्ञाचा. वर्गात एवढंच सांगून पुढे जावं लागतं कारण पोर्शन संपवायचा असतो, पण त्या टिंबामागचं आणि डीमागचं भांडण मला कधीपासून नीट बसून लिहायचं होतं. ते नुसतं दोन माणसांचं भांडण नाहीये. शोध लागला तर तो कुणाला सांगायचा, कधी सांगायचा, आणि सांगून टाकल्यावर तो आपल्याच नावावर राहील याची खात्री काय, हे त्या काळात ठरलेलंच नव्हतं. ठरलेलं नव्हतं म्हणून माणसं लपवत होती. आज कुणाला काही सापडलं की दुसऱ्याने टाकायच्या आत आपला पेपर टाकायची घाई असते, आणि तेव्हा बरोबर उलटं होतं, तोंडातून शब्द बाहेर पडला की वस्तू हातातून गेली असं वाटायचं.

सुरुवात इटलीपासून करते, कारण तिथली गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे गणित शिकवणाऱ्याची नोकरी पक्की नसायची. दुसरा कुणीही येऊन जाहीर आव्हान देऊ शकायचा, की तुम्ही मला इतकी गणितं घाला, मी तुम्हाला इतकी घालतो, बघू कोण जास्त सोडवतो. हरलात की नाव गेलं, नावाबरोबर विद्यार्थी गेले, विद्यार्थ्यांबरोबर पोटापाण्याचं गेलं. अशा वेळी दुसऱ्या कुणालाच येत नाही अशी एखादी रीत तुमच्याकडे असेल तर ती छापून वाटायची कशाला? ती ठेवणीतली तलवार. आपल्याकडे जुने उस्ताद घराण्याची खास चीज सहजासहजी कुणाला देत नसत, त्यातलाच प्रकार.

बोलोन्याच्या विद्यापीठात शिपिओने देल फेर्रो नावाचे प्राध्यापक होते, त्यांना साधारण १५१५ च्या सुमारास अशी एक रीत सापडली. प्रश्न असा असतो: एका संख्येचा घन करा, त्यात त्याच संख्येची सहापट मिळवा, बेरीज २० आली पाहिजे, तर ती संख्या कोणती? इथे उत्तर २ आहे, आठ आणि बारा वीस, हे अंदाजानेही जमतं. पण २० च्या जागी २१ ठेवा आणि अंदाजाने काढून दाखवा, नाही जमणार, तिथे रीतच लागते. आणि ती रीत किती छोटी आहे बघा. सहाचा तिसरा हिस्सा दोन, दोनाचा घन आठ. आता असे दोन आकडे शोधा की त्यांची वजाबाकी २० येईल आणि गुणाकार ८ येईल. हे काम वर्गसमीकरणाचं, ते त्यांना आधीपासून येत होतं. आकडे येतात साधारण २०.३९२ आणि ०.३९२. दोघांची घनमूळं काढा, २.७३२ आणि ०.७३२. वजा करा. २. झालं.

मी हे मुद्दाम पूर्ण लिहिलं, कारण लपवालपवीचं मूळ इथेच आहे. हजारो वर्षं जे कुणाला जमलं नव्हतं ते चार ओळींत मावतं, एकदा ऐकलं की हुशार माणूस ते कायमचं घेऊन जातो, आणि नंतर तो म्हणाला की हे मलाच सुचलं तर तुम्ही काय दाखवणार? चोरीला गेलेला बैल खुणेवरून ओळखता येतो. रीत कशावरून ओळखणार?

देल फेर्रोंनी आयुष्यभर हे जाहीर केलं नाही. १५२६ साली ते वारले, त्याआधी त्यांनी अँतोनियो मारिया फियोर या शिष्याला सांगितलं, आणि त्यांची वही जावयाकडे राहिली. ती वही लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आता टार्टाग्लिया. खरं नाव निक्कोलो, गाव ब्रेशिया. १५१२ साली फ्रेंच सैन्याने ते शहर लुटलं तेव्हा हा बाराएक वर्षांचा असेल, चर्चमध्ये आसरा घेतला होता, तिथे एका शिपायाने तोंडावर तलवारीचे वार केले, जबडा फाटला. आईने घरच्या घरी जखमा धुऊन पोराला वाचवलं पण बोलणं कायमचं अडखळत राहिलं. टार्टाग्लिया म्हणजे तोतरा, लोकांनी ठेवलेलं नाव, आणि पुढे पुस्तकांवर सुद्धा त्याने तेच नाव घातलं. गरिबीतून, बराचसा स्वतःच शिकून तो व्हेनिसमध्ये गणिताचा मास्तर झाला.

१५३५ साली फियोरने त्याला आव्हान दिलं, दोघांनी एकमेकांना ३०-३० गणितं घालायची. फियोरने तीसच्या तीस त्याच एका प्रकारची घातली, कारण त्याच्याकडे तेवढीच एक तलवार होती. आणि टार्टाग्लियाला मुदत संपत आलेली असताना, फेब्रुवारीतल्या एका रात्री, ती रीत स्वतःच सापडली. मग त्याने तीसही गणितं दोन तासांच्या आत संपवली. फियोर त्यानंतर जवळजवळ गायबच झाला.

आता ही रीत टार्टाग्लियाकडे आणि तोही ती कुणाला सांगेना. मिलानमध्ये जेरोलामो कार्डानो नावाचा डॉक्टर होता, गणिताचा प्रचंड नाद, तो मागे लागला. आधी एका पुस्तकविक्याकरवी निरोप पाठवला, नकार आला. मग पत्रापत्री, त्यात गोड बोलणं पण होतं आणि टोचून बोलणं पण. शेवटी असं आमिष दाखवलं की मिलानच्या गव्हर्नरशी तुमची ओळख करून देतो. टार्टाग्लियाला तोफांच्या नेमबाजीवर स्वतःचं काम दाखवायचं होतं, चांगली नोकरी हवी होती, तो गेला. गव्हर्नर शहरात नव्हते. २५ मार्च १५३९ ला कार्डानोच्या घरी शेवटी त्याने रीत सांगितली, ती सुद्धा सरळ नाही, इटालियन कवितेत बसवून. टार्टाग्लियाच्या सांगण्याप्रमाणे कार्डानोने बायबलवर शपथ घेतली होती, की मी हे कधीच छापणार नाही, आणि स्वतःसाठी टिपून ठेवलं तरी सांकेतिक लिपीत ठेवेन म्हणजे माझ्या मागे कुणाला वाचता यायचं नाही. कार्डानोचा शिष्य फेर्रारी पुढे म्हणाला की मी तिथेच होतो आणि असं काही वचन दिलेलं नव्हतं. खरं काय ते त्या खोलीतच राहिलं.

कार्डानो आणि फेर्रारीने त्या एका रीतीवरून पुढे खूप काम केलं, फेर्रारीने तर चौथ्या घाताची समीकरणं सोडवली, पण ते सगळं टार्टाग्लियाच्या रीतीवर उभं, आणि शपथेमुळे छापता येईना. मग १५४३ साली दोघं बोलोन्याला गेले आणि देल फेर्रोंच्या जावयाकडची ती वही बघितली. रीत तिथे होती, टार्टाग्लियाच्या वीस वर्षं आधीची! झालं, कार्डानोच्या मते शपथ सुटली. १५४५ मध्ये त्याने मोठा ग्रंथ छापला, आणि त्यात देल फेर्रो, फियोर, टार्टाग्लिया तिघांची नावं नीट घेतली. तरीही टार्टाग्लिया पेटून उठला, पुढच्याच वर्षी त्याने सगळी हकीकत, पत्रं, शपथ, सगळं छापून कार्डानोची अब्रू काढली. कार्डानो उत्तरालाच आला नाही, उत्तर देत राहिला फेर्रारी. १० ऑगस्ट १५४८ ला मिलानच्या एका चर्चमध्ये टार्टाग्लिया आणि फेर्रारीची जाहीर लढत झाली, गर्दी फेर्रारीच्या बाजूची, आणि पहिला दिवस संपल्यावर टार्टाग्लिया शहर सोडून निघून गेला.

आज त्या रीतीला कार्डानोचं सूत्र म्हणतात. मला दर वेळी वाईट वाटतं, पण विचार केला की कार्डानो पूर्ण चुकीचा होता असं म्हणवत नाही. त्याने छापलं म्हणून युरोपभर ते पोचलं, आणि ते गुपित ठेवून ठेवून टार्टाग्लियाने दहा वर्षांत त्यावर स्वतःचं पुस्तक काही काढलं नाही. ज्याने लपवलं त्याचं नाव मागे पडलं आणि ज्याने छापलं त्याचं चिकटलं. त्या वेळी हे कुणालाच आधी कळायचं साधन नव्हतं.

मग पुढच्या लोकांनी एक युक्ती काढली, आणि ती मला फार आवडते. शोध सांगायचा पण नाही, आणि मला आधी माहीत होतं हे सिद्ध पण करायचं. कसं? शोधाचं एक वाक्य लिहायचं आणि त्याची अक्षरं विस्कटून टाकायची. आपल्या भाषेत करून बघू. समजा मला सापडलं की "चंद्रावर पाणी आहे". मी ही अक्षरं सुटी करून वर्णमालेप्रमाणे लावते: आ, चं, णी, द्रा, पा, र, व, हे. एवढंच पत्रात लिहून चार मोठ्या लोकांना पाठवते. कुणाला काही बोध होत नाही. सहा महिन्यांनी दुसरा कुणी म्हणाला की चंद्रावर पाणी मीच शोधलं, की मी म्हणते ते पत्र काढा आणि अक्षरं जुळवून बघा. टेंडरचं सीलबंद पाकीट कसं असतं, आत काय आहे ते कुणाला दिसत नाही पण मागाहून बदलता पण येत नाही, तसंच. आज कॉम्प्युटरमध्ये हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेली एक छोटी खूण, वापरून हेच काम करतात.

गॅलिलिओ यात पटाईत. १६१० च्या उन्हाळ्यात त्याला दुर्बिणीतून शनी विचित्र दिसला, मधे मोठा गोळा आणि दोन्ही बाजूंना एकेक छोटा. दुर्बीण बारीक, कडं म्हणून ओळखणं शक्य नव्हतं. नुकतंच मार्चमध्ये गुरूच्या चार चंद्रांचं पुस्तक काढून, त्यांना मेदिची घराण्याचं नाव देऊन, त्याने त्या घराण्याच्या दरबारात मोठी नोकरी मिळवली होती, म्हणजे आकाशातल्या नव्या गोष्टीला रोख किंमत होती. दुर्बिणी आता बऱ्याच जणांकडे झाल्या होत्या. म्हणून शनीची बातमी त्याने ३७ अक्षरांचा कचरा करून प्रागला पाठवली. तिथे सम्राटाचा गणिती होता केप्लर. केप्लरने डोकं चालवून चालवून त्यातून एक लॅटिन वाक्य काढलं, एका अक्षराची चूक ठेवून, आणि त्याचा अर्थ असा निघाला की मंगळाला दोन चंद्र आहेत. त्याला ते पटलं पण, कारण पृथ्वीला एक, गुरूला चार, मग मधल्या मंगळाला दोन हवेतच! नोव्हेंबरमध्ये गॅलिलिओने खरं वाक्य सांगितलं: सगळ्यात उंचावरचा ग्रह मी तिहेरी पाहिला. केप्लर साफ चुकला होता. आणि तरी मंगळाला खरंच दोन चंद्र आहेत, ते १८७७ साली वॉशिंग्टनला असाफ हॉलने शोधले. निव्वळ योगायोग, पण या युक्तीतला दोष दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही: त्याच अक्षरांतून भलतंच वाक्य निघू शकतं.

डिसेंबरात गॅलिलिओने दुसरं कोडं पाठवलं, केप्लरने परत नाना खटपटी केल्या, नाही सुटलं, आता ताणू नका सांगून टाका अशी विनवणी केली. ते होतं शुक्राला चंद्रासारख्या कला आहेत याबद्दल, म्हणजे शुक्र सूर्याभोवती फिरतो याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा. एवढी मोठी गोष्ट, आणि जगातला जो एक माणूस ती ऐकून सगळ्यात जास्त खूश झाला असता त्यालाच काही आठवडे अक्षरं जुळवत बसवलं. मला गॅलिलिओचं कौतुक कितीही असलं तरी हे खुपतं.

तारखांचा घोळ वेगळाच होता. जर्मनीतल्या सायमन मारियसने १६१४ मध्ये म्हटलं की गुरूचे चंद्र मी पण स्वतंत्रपणे पाहिले, टिपणं सुरू केली २९ डिसेंबर १६०९ ला. गॅलिलिओची पहिली नोंद ७ जानेवारी १६१०. वाचणाऱ्याला वाटेल मारियस आधी. पण मारियस प्रोटेस्टंट मुलखात राहायचा, तिथे जुनं ज्युलियन कॅलेंडर, दहा दिवस मागे. त्याचा २९ डिसेंबर म्हणजे इटलीतला ८ जानेवारी. एका दिवसाने मागे! गॅलिलिओने पुढे त्याला छापील पुस्तकात चोर म्हटलं. मारियसने खरंच पाहिले होते असं आज मानतात, आणि त्या चंद्रांची आज आपण घेतो ती नावं, आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो, ही मारियसने छापलेली. मेदिचींचं नाव पुसलं गेलं.

शनीच्या कड्याचं खरं रूप हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने ओळखलं आणि त्यानेही १६५६ मध्ये आधी अक्षरंच छापली, सात ए, पाच सी, एक डी अशी वर्णमालेप्रमाणे रांगेत, अर्थ १६५९ मध्ये: त्याला पातळ, सपाट, कुठेही न टेकणारं, तिरकं कडं आहे. तीन वर्षं.

आणि आपल्या नववी-अकरावीच्या पुस्तकातला हूकचा नियम? स्प्रिंग जेवढी ताणाल तेवढ्या प्रमाणात तिचा जोर. हा नियम जगासमोर पहिल्यांदा आला तो १६७६ मध्ये, अशा रूपात: सी, ई, आय आय आय, एन, ओ, एस एस एस, टी टी, यू, व्ही. चौदा अक्षरं. दोन वर्षांनी त्याने उलगडा केला, उत् तेन्सिओ सिक् विस्, जसा ताण तसा जोर. मी हे फळ्यावर लिहिते तेव्हा मुलं अक्षरं मोजून टिक करतात, जुळतात बरोबर.

रॉबर्ट हूक लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेत प्रयोग करून दाखवायच्या पगारी कामावर होता. दर आठवड्याला काहीतरी नवीन दाखवायचं, सगळ्यांसमोर, म्हणजे कल्पना रोज उघड्यावर मांडायच्या, आणि मग दुसऱ्या कुणी ती पुढे नेली की हे माझंच म्हणून भांडायचं, हे त्याच्या नशिबाला चिकटलं. घड्याळाची चाल नियमित ठेवणाऱ्या बारीक स्प्रिंगचंच, बॅलन्स स्प्रिंगचंच घ्या. १६७५ मध्ये पॅरिसहून हायगेन्सने असं घड्याळ जाहीर केलं (त्यानेही आधी अक्षरांचं कोडं पाठवून ठेवलं होतं), आणि हूक भडकला की हे मी कित्येक वर्षांपूर्वीच दाखवलंय आणि सोसायटीचा सेक्रेटरी ओल्डेनबर्ग माझ्या गोष्टी परदेशात कळवतो. त्याला हेर म्हणण्यापर्यंत गेला. हूकने स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेली सोसायटीच्या मीटिंगांची जुनी मिनिट्स २००६ साली इंग्लंडमध्ये एका घराच्या कपाटात सापडली. माणूस सव्वातीनशे वर्षांपूर्वी जुन्या नोंदी चाळून आपल्या हक्काचा पुरावा गोळा करत बसला होता, ते कागद बघून गलबलून येतं.

पण ज्या ओल्डेनबर्गला हूक शिव्या देत होता त्यानेच या सगळ्यावरचा उपाय काढला होता. मार्च १६६५ मध्ये त्याने सोसायटीचं मासिक सुरू केलं, जे आजही चालू आहे. कल्पना साधी: तुम्हाला काय सापडलं ते आम्हाला पाठवा, आम्ही तारीख टाकून नोंद करतो आणि छापतो, म्हणजे सांगितल्याने तुमचा हक्क जाणार नाही, उलट सांगितल्यानेच तो पक्का होईल. ज्यांची अजून तयारी नाही त्यांना सीलबंद ठेव ठेवायची सोय पण होती. पॅरिसच्या अकादमीत योहान बर्नुलीने १७०१ मध्ये असं बंद पाकीट ठेवलं आणि पुढे तिथे ती पद्धतच पडली. गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते, एक रजिस्टर आणि एक तारीख. पण टार्टाग्लियाला व्हेनिसमध्ये असं एक रजिस्टर असतं तर तो कविता घेऊन मिलानला गेला नसता.

अर्थात सवयी एका दिवसात जात नाहीत. जानेवारी १६८४ मध्ये हूक, ख्रिस्तोफर रेन आणि तरुण एडमंड हॅले बोलत बसले होते, विषय असा की सूर्याचं आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल तर ग्रहांच्या कक्षा कशा येतात. हूक म्हणाला माझ्याकडे सिद्धता आहे, पण मी ती काही दिवस झाकून ठेवणार, म्हणजे बाकीचे प्रयत्न करून दमले की तिची किंमत कळेल. रेनने चाळीस शिलिंगचं पुस्तक बक्षीस लावलं, दोन महिने मुदत. हूकची सिद्धता काही आली नाही. ऑगस्टमध्ये हॅले केंब्रिजला न्यूटनकडे गेला, तोच प्रश्न विचारला, न्यूटन म्हणाला लंबवर्तुळ, मी काढून ठेवलंय. हॅलेने मागितलं तर कागदच सापडेना! न्यूटनने पुन्हा लिहून पाठवलं, आणि त्यातून १६८७ चा 'प्रिन्सिपिया' हा त्याचा महाग्रंथ झाला. मधेच हूक म्हणाला की व्यस्त वर्गाची कल्पना मी पत्रातून दिली होती, तर न्यूटन इतका चिडला की तिसरा भाग छापतच नाही म्हणाला. हॅलेने समजूत काढून काढून त्याला वळवलं, आणि छपाईचे पैसेही स्वतःच्या खिशातून घातले, कारण सोसायटीची तिजोरी माशांवरच्या एका सचित्र ग्रंथात रिकामी झाली होती. माझ्या मते या सगळ्या माणसांत हॅलेसारखा मोठ्या मनाचा दुसरा नाही.

आता आपल्या टिंबावर आणि डीवर येऊ.

न्यूटनला कॅल्क्युलस, म्हणजे बदलाच्या वेगाचं हे गणित, सुचलं १६६५-६६ मध्ये, प्लेगमुळे केंब्रिज बंद होतं तेव्हा. छापलं नाही. १६६९ मध्ये त्यातला थोडा भाग लिहून दोन-चार ओळखीच्यांना वाचायला दिला, छापू नका म्हणून. १६७२ मध्ये प्रकाशावरचा निबंध छापला तर हूक आणि इतरांशी इतका वाद झाला की छापण्याची त्याला धास्तीच बसली. इकडे लायब्निझ पॅरिसमध्ये होता, त्याने ऑक्टोबर १६७५ मध्ये स्वतःच्या कागदांवर लांबलचक एससारखं ते इंटिग्रलचं चिन्ह पहिल्यांदा लिहिलं. १६७६ मध्ये ओल्डेनबर्गमार्फत दोघांची पत्रं झाली. न्यूटनच्या मोठ्या पत्रात खूप काही होतं, पण मुख्य गाभा आला तिथे त्याने अक्षरं आणि आकडे लिहिले, सहा ए, दोन सी, एक डी, असं. त्याचा अर्थ ढोबळमानाने असा: बदलत्या राशींचं समीकरण दिलं असता त्यांचे बदलण्याचे वेग काढणे, आणि उलट. उलगडा झाला तरी यातून पद्धत शिकता येत नाही, फक्त मला येतं एवढंच कळतं! १६७७ च्या उन्हाळ्यात लायब्निझने उत्तरात आपली पद्धत मोकळेपणाने लिहून पाठवली, डीएक्स डीवायसकट. त्याच सप्टेंबरमध्ये ओल्डेनबर्ग वारला आणि मधला पूल तुटला.

लायब्निझने १६८४ मध्ये छापलं. न्यूटनने रीतसर छापलं ते १७०४ मध्ये, प्रकाशावरच्या पुस्तकाला जोडून. तोवर युरोपात बर्नुली बंधूंपासून सगळे डी वापरून गणितं सोडवायला लागले होते. मग न्यूटनच्या बाजूचे लोक बोलायला लागले, १६९९ मध्ये एक, १७१० मध्ये जॉन कील, की लायब्निझने न्यूटनचे कागद बघून नुसती चिन्हं बदलली. लायब्निझ रॉयल सोसायटीचा १६७३ पासूनचा सभासद, त्याने सोसायटीकडेच दाद मागितली. अध्यक्ष कोण? न्यूटन. मार्च १७१२ मध्ये कमिटी नेमली, एप्रिलमध्ये अहवाल तयार, लायब्निझचं म्हणणं एकदाही मागवलं नाही, निकाल न्यूटनच्या बाजूने. तो अहवाल मुळात न्यूटनने स्वतः लिहिला होता. १७१५ मध्ये सोसायटीच्या मासिकात त्या अहवालाचं मोठं परीक्षण आलं, निनावी, तेही न्यूटनचंच. ओल्डेनबर्गने ज्या मासिकात सगळ्यांचा हक्क राखायची सोय केली होती त्याच मासिकात! लायब्निझ पण धुतल्या तांदळासारखा नव्हता, त्यानेही निनावी पत्रकं काढली. पण सत्तेची खुर्ची एकाकडेच होती. नोव्हेंबर १७१६ मध्ये लायब्निझ वारला, तरी न्यूटन थांबला नाही. १६८७ च्या महाग्रंथात त्याने एक टीप घातली होती, की दहा वर्षांपूर्वी लायब्निझ या अत्यंत निपुण गणितज्ञाने माझ्यासारखीच पद्धत मला कळवली होती. १७२६ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्या जागी लायब्निझचं नावच नाही.

हा एकच प्रसंग असता तर रागाच्या भरात झालं म्हणता आलं असतं. पण ग्रिनिच वेधशाळेचा फ्लॅमस्टीड बघा. राजाचा खगोलशास्त्रज्ञ, वर्षाला शंभर पौंड पगार, उपकरणं मात्र बरीचशी स्वतःच्या पैशाने घेतलेली, चाळीसएक वर्षं रात्र रात्र जागून ताऱ्यांच्या जागा मोजल्या. पूर्ण तपासून झाल्याशिवाय छापणार नाही म्हणायचा. न्यूटनला ते आकडे चंद्राच्या गणितासाठी हवे होते. १७१२ मध्ये न्यूटन आणि हॅलेने (हो, हॅले सुद्धा, इथे माझं मन खट्टू होतं) त्याच्या मनाविरुद्ध अर्धवट आवृत्ती छापली, ४०० प्रती. फ्लॅमस्टीडने चार वर्षं झगडून त्यातल्या ३०० मिळवल्या, आपल्याला पटतील तेवढी पानं काढून ठेवली आणि बाकीची १७१६ मध्ये जाळली. त्याने स्वतः तपासलेलं काम छापून आलं १७२५ मध्ये, तो गेल्यावर सहा वर्षांनी, बायकोने आणि मदतनिसांनी पुरं केलेलं.

टिंब आणि डीच्या बाबतीत आज सगळ्यांना मान्य आहे की दोघांनी स्वतंत्रपणे शोध लावला, न्यूटनला आधी सापडलं, लायब्निझने आधी छापलं. पण भांडणाची किंमत इंग्लंडने मोजली. आपल्या माणसाचं चिन्ह सोडायचं नाही म्हणून तिथले गणिती टिंबाला धरून बसले, आणि युरोपात ऑयलर, लाग्रांज, लाप्लास डी घेऊन कुठल्या कुठे गेले, कारण डीएक्स बाय डीटी लिहिलं की कशाच्या संदर्भात बदल मोजतोय ते डोळ्यांना दिसतं, टिंबात ते दिसत नाही. १८१२ मध्ये केंब्रिजच्या तीन विद्यार्थ्यांनी, चार्ल्स बॅबेज, जॉन हर्शेल आणि जॉर्ज पीकॉक, यासाठी मंडळ काढलं की आमच्याकडे डी आणा. १८१७ मध्ये पीकॉक परीक्षक झाला आणि त्याने केंब्रिजच्या पेपरात सरळ डी घालून प्रश्न काढले. लायब्निझ जाऊन १०१ वर्षं झाली होती.

टिंब संपलं नाही. जिथे बदल फक्त वेळेबरोबरच मोजायचा असतो, पेंडुलम, स्प्रिंग, ग्रहांची गती, तिथे ते अजून वापरतात कारण लिहायला सुटसुटीत पडतं. म्हणून फिजिक्सच्या जाड पुस्तकात ते दिसतं, आणि माझ्या फळ्यावर डी.